शैली सोळाव्या लुईची, काळ कोणाचा?

प्रश्न : स. न. वि. वि. नोकरीनिमित्त आम्ही उभयता गेली काही वर्षे फ्रान्समध्ये राहतो. गेल्या हिवाळ्यात पॅरिसमधील एका लिलावात आम्ही एक बुटके कपाट घेतले. त्याची उंची जेमतेम छातीपर्यंत येते. वर पांढरा संगमरवर आहे, दाराच्या मधोमध सोनेरी चौकटीत चित्र काढलेली पोर्सेलेनची लंबगोल तबकडी बसवली आहे, कोपऱ्यांवर उभ्या खाचांचे खांब आहेत आणि खाली भोवऱ्यासारखे पाय आहेत. विक्रीच्या कागदावर ‘सोळाव्या लुईच्या शैलीतील कपाट’ असे फ्रेंचमध्ये लिहिले आहे. मात्र विक्रेत्याच्या माणसाने बोलता बोलता ते सोळाव्या लुईच्या राणीच्या, म्हणजे मारी आंत्वानेतच्या, काळचे असल्याचे सांगितले होते. घरी आणल्यावर कुलपाच्या पत्र्यावर ‘पी. सोरमानी, १० र्‍यू शार्लो, पॅरिस’ अशी कोरलेली अक्षरे आढळली, तर संगमरवर उचलून पाहिल्यावर खालच्या लाकडावर ‘जे. एच. रिझनेर’ असा ठोकलेला शिक्का दिसला. आमच्या एका परिचितांच्या मते ही निव्वळ नक्कल आहे. आम्ही फसलो का? (एक वाचक, लिओं)

उत्तर : आपल्याला जे तोंडी सांगितले गेले ते बहुधा खरे नव्हते, आपल्याला जो कागद दिला गेला तो मात्र खरा होता, आणि या व्यवहारात कागदालाच महत्त्व आहे. फ्रान्समध्ये कलावस्तूंच्या विक्रीत कोणत्या शब्दाने विक्रेता किती बांधला जातो, हे ३ मार्च १९८१ च्या एका सरकारी आदेशाने ठरवून दिलेले आहे. वस्तूच्या नावापुढे ‘एपोक’, म्हणजे अमुक काळ, असे लिहिले असेल तर ती वस्तू खरोखर त्याच काळात घडली असल्याची हमी विक्रेत्याने दिली असे मानले जाते, आणि तिचा काही भाग नंतरचा असेल तर तेही त्याला सांगावे लागते. त्याऐवजी ‘स्तील’, म्हणजे शैली, हा शब्द वापरला असेल तर तारखेची वा कारागिराची कसलीही हमी त्यात नसते. हे दोन शब्द दिसायला शेजारी-शेजारी असले, तरी त्यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असू शकते. आपल्या कागदावर ‘स्तील’ आहे. विक्रेत्याच्या माणसाचे बोलणे कोणी लिहून घेतलेले नसल्यामुळे त्याविषयी आता हळहळण्याखेरीज फारसे काही करता येणार नाही.

पण ‘त्या काळचे नाही’ आणि ‘नक्कल आहे’ ही दोन विधाने एकच नव्हेत, आणि आपल्या परिचितांची गल्लत नेमकी येथे झाली आहे.

सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर आला आणि १७९२ मध्ये राजेशाही संपली. ज्याला आपण त्याची शैली म्हणतो ती त्याच्या राज्यारोहणाच्या आधीच रुजू लागली होती, त्यामुळे हे नावही तसे सोयीपुरतेच आहे. इटलीत हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. मातीखालून निघालेले रोमन जग पाहून परतलेल्या प्रवाशांमुळे, शिल्पज्ञांमुळे आणि त्यांच्या चित्रसंग्रहांमुळे पॅरिसच्या श्रीमंतांची अभिरुची हळूहळू पालटली. पंधराव्या लुईच्या काळातील लाटांसारखी वळणे, शिंपल्यांचे आकार आणि बाक दिलेले पाय जाऊन त्यांच्या जागी सरळ रेषा, काटकोन, मंदिराच्या खांबावर असतात तशा उभ्या खाचा, लॉरेलच्या पानांचे हार, रिबिनीच्या गाठी आणि मण्यांच्या माळा आल्या. आपल्या कपाटाचे कोपरे आणि पाय याच शब्दसंग्रहातून आले आहेत. त्या भोवऱ्यासारख्या पायांना फ्रेंचमध्येही भोवराच म्हणतात, याची मला दरवेळी गंमत वाटते.

ज्याचा शिक्का आपल्याला दिसला तो जाँ-आंरी रिझनेर (१७३४–१८०६) या काळातील सर्वांत नावाजलेला कपाटकार. तो मूळचा जर्मन होता. पॅरिसला येऊन तो ओबेन या उस्तादाच्या कारखान्यात लागला, उस्तादाच्या मृत्यूनंतर त्याने कारखाना सांभाळला आणि पुढे त्याच्या विधवेशी लग्न केले. ओबेनने १७६० मध्ये हाती घेतलेले पंधराव्या लुई राजाचे प्रसिद्ध लेखनमेज रिझनेरने १७६९ मध्ये पुरे केले. ते आज वर्सायच्या राजवाड्यात आहे. १७७४ पासून तो राजाचा कपाटकार होता आणि राणीसाठी त्याने केलेली कामे आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. जपानी लाखकामाचे तक्ते बसवून १७८३ मध्ये तिच्यासाठी केलेले लेखनकपाट आणि खणांचे कपाट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहायला मिळते.

ही विखुरणी हाच आपल्या कपाटाच्या जन्मकथेचा पहिला अध्याय आहे. राज्यक्रांतीनंतर २५ ऑगस्ट १७९३ पासून वर्सायमधील सामानाचा लिलाव सुरू झाला, तो जवळजवळ वर्षभर चालला आणि त्यात सतरा हजारांहून अधिक लॉट विकले गेले. यातले बरेच काही इंग्लंडला गेले. पुढे फ्रान्समध्ये पैसा आला, पण मूळ वस्तू मिळेनाशा झाल्या, आणि ज्यांना त्या हव्या होत्या त्यांनी त्या नव्याने करवून घ्यायला सुरुवात केली. राजाच्या त्या लेखनमेजाची हुबेहूब प्रत हर्टफर्डच्या चौथ्या मार्क्विसने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास करवून घेतली. ती लंडनच्या वॉलेस संग्रहात उघडपणे प्रत म्हणूनच मांडलेली आहे, आणि तिच्यापुढे थांबणाऱ्यांची संख्या कमी नाही. तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिला तर मारी आंत्वानेतचे वेडच होते. तिने आपली दालने त्या धाटणीने सजवली आणि १८६७ मध्ये प्ती त्रियानों या छोट्या राजवाड्यात दुर्दैवी राणीच्या आठवणीत एक प्रदर्शनही भरवले. सम्राज्ञीला जे आवडते ते दरबाराला, दरबाराला जे आवडते ते सावकारांना आणि सावकारांना जे आवडते ते कारखानदारांना आवडू लागते. त्या आवडीला ‘लुई सेझ-अँपेरात्रिस’, म्हणजे सोळावा लुई अधिक सम्राज्ञी, असे थोडे खोचक नाव पडले.

पॉल सोरमानी (१८१७–१८७७) हे याच लाटेवर नावारूपाला आलेले पॅरिसचे कपाटकार. ग्रोए, ब्योर्दले, दासों आणि थोडे नंतरचे फ्रांस्वा लिंक ही त्याच पंगतीतली इतर नावे. ही मंडळी चोरून नकला करणारी नव्हती. जुन्या वस्तू पाहून, मापून, कधी मुळाबरहुकूम तर कधी त्यांत स्वतःची भर घालून ती काम करीत, जागतिक प्रदर्शनांत ते मांडीत, पदके मिळवीत आणि त्यावर स्वतःचे नाव घालीत. दासोंने तर अनेकदा नावापुढे सालही ठोकले आहे. ब्योर्दलेच्या ब्राँझच्या नक्षीमागे ‘बी. वाय.’ ही अक्षरे सापडतात. सोरमानींचे नाव बहुधा कुलपाच्या पत्र्यावर असते. त्यांच्या निधनानंतर पत्नी आणि मुलगा यांनी ‘विधवा पॉल सोरमानी आणि पुत्र’ या नावाने कारखाना चालू ठेवला. आपल्या पत्र्यावर ‘विधवा’ हा शब्द नाही आणि र्‍यू शार्लोचा पत्ता आहे, यावरून कुलूप दुसऱ्या साम्राज्याच्या, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीच्या, अखेरच्या काळातले किंवा त्यानंतरच्या थोड्या वर्षांतले असावे, असा माझा कयास आहे.

कुलूप असे मी मुद्दाम म्हटले, कारण कुलूप आणि कपाट यांचे वय एकच असेलच असे नाही. जुन्या कपाटाला कोणीतरी नंतर सोरमानींकडून नवे कुलूप बसवून घेतले, अशी एक शक्यता उरते. ती तपासण्याची पद्धत सोपी आहे. दार उघडून हातात विजेरी घ्या आणि कुलूप ज्या खाचेत बसले आहे तिच्या कडा जवळून पाहा. खाच कुलपाच्या मापाची असेल, लाकडाच्या कडा कुलपाला नेमक्या भिडलेल्या असतील आणि आजूबाजूला लाकडाचे तुकडे भरून बुजवलेली जुनी भोके नसतील, तर कपाट आणि कुलूप एकाच दिवशी भेटले आहेत. मग एक स्क्रू हलकेच काढा. हाताने घडवलेल्या स्क्रूचे पेर असमान असतात, डोक्यावरची खाच मध्यापासून जराशी सरकलेली असते आणि टोक बोथट असते. यंत्राने पाडलेल्या स्क्रूचे पेर घड्याळासारखे सारखे असतात आणि अणकुचीदार टोकाचे लाकडी स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच रुळले. एक स्क्रू कोणीही बदलू शकतो, तेव्हा चार-पाच पाहावेत.

तेवढ्यावर थांबू नका, कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहा. लोक तासन्‌तास दर्शनी भाग न्याहाळतात. मी मात्र पाठ आणि खणांचे तळ आधी पाहतो, कारण कारागीर दर्शनी बाजूला जे दाखवायचे ते दाखवतो आणि मागे त्याची रोजची सवय उघडी पडते. ओकच्या फळ्यांवर करवतीच्या खुणा सरळ पण वेड्यावाकड्या असतील तर करवत हाताची होती. एकाच मोठ्या वर्तुळाच्या कमानी उमटल्या असतील तर ती यंत्राची चक्राकार करवत, म्हणजे एकोणिसावे शतक. दाराच्या कडेला व्हिनियरची, म्हणजे वर चिकटवलेल्या शोभेच्या लाकडाच्या थराची, जाडी दिसते. अठराव्या शतकात ते हाताने कापीत, त्यामुळे ते जाड आणि ठिकठिकाणी कमी-अधिक भरते. यंत्राने कापलेले व्हिनियर पातळ आणि एकसारखे असते. आपण पाठवलेल्या छायाचित्रांतील गुलाबी पट्ट्यांचे लाकड फ्रेंच लोक ‘ब्वा द रोझ’ म्हणतात ते वाटते. ते आपल्या शिसवाच्याच कुळातले आहे. नवे असताना ते चांगलेच झगझगीत असते आणि उन्हाने फिके पडत जाते, म्हणून संगमरवराखाली दबलेल्या कडेला मूळ रंगाची एखादी रेघ सापडली तर ती जरूर पाहा.

राहिला तो रिझनेरचा शिक्का. पॅरिसच्या सुतार-कपाटकारांच्या संघाने १७४३ च्या नियमांनुसार प्रत्येक उस्तादाला आपले नाव लाकडावर ठोकणे बंधनकारक केले होते, आणि संघाच्या पंचांनी काम पसंत केले की ‘जे. एम. ई.’ ही जोडाक्षरी मोहोर उमटे. १७९१ मध्ये हे संघच रद्द झाले. राजाच्या थेट चाकरीतले आणि काही सवलतीच्या वस्त्यांतले कारागीर या नियमातून सुटत, त्यामुळे शिक्का नसणे हा दोष नव्हे. आणि शिक्का असणे हा पुरावाही नव्हे, कारण पोलादी ठसा कोणालाही करून घेता येतो आणि तो संगमरवराखाली ठोकायचा असतो हे लबाड माणसालाही ठाऊक असते. वर्सायच्या राजवाड्यानेच अठराव्या शतकातील म्हणून घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघडकीस आले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने एका नामांकित तज्ज्ञाला व एका कारागिराला दोषी ठरवले. त्या खुर्च्यांवरही शिक्के होते. आपल्या कपाटाची बाकी सर्व चिन्हे एकोणिसाव्या शतकाची निघाली, तर हा शिक्का सोरमानींच्या हातचा नसून मधल्या एखाद्या मालकाने किंमत फुगवण्यासाठी मारलेला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. ज्याने कुलपावर स्वतःचे नाव पत्त्यासह कोरले आहे, त्याने वर दुसऱ्याचे नाव चोरून ठोकावे, हे मनाला पटत नाही. तो शिक्का घासून काढू मात्र नका. तोही आता कपाटाच्या इतिहासाचा भाग झाला आहे आणि पुढे कोणाला विकताना तो झाकणे योग्य होणार नाही.

तेव्हा आपल्याकडे आहे ते, माझ्या अंदाजाने, एका नामवंत कारखान्याने स्वतःच्या काळात, स्वतःच्या नावाने केलेले काम. ते राणीच्या दालनात कधी नव्हते. पण अशा सही केलेल्या वस्तू आज स्वतंत्रपणे गोळा केल्या जातात. शैलीची किंमत मोजून आपण शैलीच घेतली असेल तर व्यवहार चोख झाला, आणि काळाची किंमत मोजली असेल तर आपली चूक कागद न वाचण्याची होती.

प्रश्न : आमच्याकडील अशाच कपाटावरची ब्राँझची नक्षी काळवंडली आहे. पितळ उजळण्याचे द्रावण चालेल का? सोनेरी मुलामा खरा आहे की विजेचा, हे घरी ओळखता येते का?

उत्तर : चालणार नाही, आणि हे मी शक्य तितक्या ठामपणे सांगतो. या नक्षीवर पितळ दिसत नाही, सोने दिसते, आणि ते सोने केसाहूनही पातळ असते. पितळ उजळणारी द्रावणे धातूचा वरचा थर खरवडून किंवा विरघळवून चमक आणतात. येथे वरचा थर म्हणजे सोनेच असल्याने चमक येते ती खालच्या ब्राँझची, आणि महिन्याभरात ती पुन्हा काळी पडते. कोरड्या, मऊ, केसाळ कुंचल्याने धूळ झाडावी आणि बाकीचे काम धातूच्या जतनकर्त्यावर सोपवावे.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. जुन्या पद्धतीत सोने पाऱ्यात कालवून त्याचा लोण्यासारखा लगदा करीत, तो कोरलेल्या ब्राँझवर कुंचल्याने लावीत आणि तुकडा निखाऱ्यांवर तापवीत. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने ब्राँझला चिकटून राही. मग अकीकाच्या टोकाने काही भाग घासून आरशासारखे करीत आणि काही मुद्दाम मंद ठेवीत, म्हणजे फुलांच्या पाकळ्या चमकत आणि मागची जमीन शांत राही. ती वाफ हुंगणाऱ्या कारागिरांचे हात थरथरू लागत, दात पडत आणि आयुष्य लवकर संपे. या सौंदर्याचा हिशेब मांडताना तो रकाना रिकामा ठेवू नये. विजेने मुलामा देण्याचे पेटंट एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये इंग्लंडमध्ये घेतले आणि त्याचे फ्रान्समधील हक्क १८४२ मध्ये क्रिस्तोफ्ल यांनी मिळवले.

ओळखायचे असेल तर सैल झालेला एखादा तुकडा उलटा करून पाहावा. पाऱ्याचे सोने कुंचल्याने केवळ दर्शनी बाजूला लावलेले असते, म्हणून मागे ब्राँझचा तपकिरी रंग आणि कडेने पाझरलेले सोन्याचे ओघळ दिसतात. विजेच्या मुलाम्यात तुकडा द्रावणात बुडवलेला असतो, त्यामुळे पाठही बहुधा एकसारखी पिवळी असते. विजेचा मुलामा सापडला तर निदान तो मुलामा १८४० नंतरचा हे पक्के. पाऱ्याचा सापडला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण चांगले कारखाने नंतरही कित्येक वर्षे जुनीच पद्धत वापरीत होते.

प्रश्न : दारावरच्या पोर्सेलेनच्या तबकडीमागे एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘एल’ अक्षरांची खूण आहे. म्हणजे ती सेव्हरची ना?

उत्तर : ती खूण सेव्हरच्या राजकारखान्याची खरी, पण पोर्सेलेनच्या जगात तिच्याइतकी चोरली गेलेली खूण दुसरी नसेल. हा कारखाना १७५६ मध्ये व्हँसेनहून सेव्हरला आला आणि त्याच्या तबकड्या कपाटांत बसवण्याची कल्पना अठराव्या शतकात पॅरिसच्या चैनीच्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी उचलून धरली. मार्तँ कार्लँ या कपाटकाराने प्वारिए आणि पुढे दागेर या व्यापाऱ्यांसाठी केलेली अशी कामे आजही डोळ्यांचे पारणे फेडतात. त्यांवर बहुतेक फुले असतात. दारावर एखाद्या दरबारी स्त्रीचे मुखचित्र, भोवती गुलाबी किंवा निळी जमीन आणि सोन्याची दाट वेलबुट्टी असा थाट दिसला की मला प्रथम एकोणिसावे शतकच आठवते; त्या काळी पॅरिसमध्ये साध्या पोर्सेलेनवर सेव्हरच्या धाटणीने चित्रे काढून देणारे कितीतरी होते. खऱ्या खुणेत दोन ‘एल’च्या मध्ये बहुधा सालाचे अक्षर असते आणि ‘ए’ म्हणजे १७५३ असा क्रम तिथून पुढे चालतो. नकली खुणांत हे अक्षर कधी चित्राच्या धाटणीशी जुळत नाही, तर कधी मुखचित्रातील व्यक्तीच्या वयाशी. अक्षर आणि चेहरा एकत्र ताडून पाहावा. एवढ्यानेच बऱ्याच तबकड्या उघड्या पडतात.

प्रश्न : असे कपाट युरोपबाहेर नेताना लाकडामुळे अडचण येते, हे खरे का?

उत्तर : येऊ शकते. गुलाबी आणि जांभळट पट्ट्यांची ती ब्राझीलकडील लाकडे शिसवाच्या, म्हणजे डाल्बर्जियाच्या, कुळातली आहेत आणि ही संपूर्ण प्रजाती जानेवारी २०१७ पासून साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ मधील बदलानुसार तयार वस्तूंत अशा लाकडाचे वजन प्रत्येक खेपेत १० किलोपर्यंत असेल तर सूट मिळते, आणि सांगाडा ओकचा व वर पातळ व्हिनियर असलेल्या कपाटात ते बहुधा त्याच्या आतच राहते. ब्राझीलचे काळे रोझवूड मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात असल्याने त्याला ही सूट नाही, आणि बूल या जुन्या फ्रेंच कपाटकाराच्या धाटणीच्या कपाटांवरील कासवाच्या कवचालाही नाही. म्हणून वाहतूकदाराला बोलावण्याआधी प्रत्येक लाकडाचे नाव एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावे. संगमरवर वेगळ्या पेटीत, उभा ठेवून पाठवावा. आडवा ठेवला तर धक्क्याने मधोमध तडकतो.